आडनाव लावण्याआधी आईला विचार

प्रिय मावशी,
मी चोवीस वर्षांची, लंडनमध्ये राहते. अभिनयाचं शिक्षण संपून तीन वर्षं झाली. बाबा इंग्लंडमधल्या हल शहराचे, गोरे इंग्रज. आई मिरजेची. मराठी समजतं, बोलते मोडकंतोडकं. सुरुवातीला मला इटालियन, स्पॅनिश, एकदा तर ग्रीक मुलीचे रोल मिळाले. बाबांचं आडनाव लावते, त्यामुळे कुणी काही विचारत नव्हतं. आता एजंट म्हणते, आईचं आडनाव लाव, सध्या साउथ एशियन मुली हव्यात. एका मालिकेत पंजाबातल्या खेड्यातून आलेल्या सुनेचा रोल जवळजवळ मिळालाय. स्क्रीन टेस्टला मेकअपवाली म्हणाली, रंग एक-दोन शेड गडद करू. माझी एक भारतीय मैत्रीण म्हणते, हा रोल तू घेऊच नकोस, तो ‘खऱ्या’ मुलीचा आहे. मंडळाच्या गणपतीत काकू म्हणतात, वाटत नाहीस हो मराठी. मी नक्की कोण? आडनाव बदलू का? रोल घेऊ का?
ता. क. गेल्या वर्षी एका शूटवर आई माझ्यासाठी डबा घेऊन आली होती. कुणीतरी विचारलं, या कोण? मी म्हटलं, आमच्या शेजारी राहतात. तिला ऐकू गेलं नसावं.
– अर्धी, लंडन

(पत्र रोमन लिपीत आलं होतं. देवनागरीत मी उतरवलं, थोडं छाटलं. ताजा कलम मात्र जसाच्या तसा ठेवलाय.)

प्रिय पोरी,

‘अर्धी’ ही सही मला आवडली नाही, म्हणून तशी हाक मारत नाही.

तू तीन प्रश्न विचारलेस आणि चौथी गोष्ट ता. क. म्हणून खाली टाकलीस. इतकी वर्षं पत्रं वाचून एक कळलंय, की खरं पत्र बहुतेक वेळा ताज्या कलमातच असतं. तेव्हा तिथूनच सुरू करते. तुला ऐकायचं नसेल, पण तिला ऐकू गेलंय. तुझी आई तीस-एक वर्षं परक्या देशात राहतेय. आपल्याबद्दल कोण काय बोलतंय हे खोलीच्या दुसऱ्या टोकावरून ओळखण्यात अशा बायका तरबेज असतात. त्या दिवशी डबा ठेवून ती लगेच निघाली होती का, ते जरा आठव.

मी तुला झोडपायला बसलेली नाही. माझे वडील स्कॉटलंडमधल्या डंडीचे, आई साताऱ्याची. शाळेची सहा वर्षं आजीकडे साताऱ्यात गेली म्हणून हे मराठी, नाहीतर मीही तुझ्यासारखी रोमनमध्येच लिहीत बसले असते. ब्रिटनमध्ये कामं शोधायला लागले ते ऐंशीचं दशक. माझ्या चेहऱ्याच्या बाईला तेव्हा तीन कामं मिळत: कोपऱ्यावरच्या दुकानातली बायको, नर्स, आणि जबरदस्तीनं लग्न लावलेली मुलगी. एका विनोदी कार्यक्रमात दुकानातल्या बायकोचं काम होतं, तीन दिवसांचं. तालमीत दिग्दर्शक म्हणाला, “आणखी थोडं इंडियन बोल.” मला एकच इंडियन बाई नीट बोलता येत होती. मी आईचा आवाज काढला, वर मान हलवणं घातलं, तिच्या ‘व’ आणि ‘डब्ल्यू’ची केलेली गंमत घातली. सेटवर हशा पिकला. त्या पैशात दोन महिन्यांचं भाडं निघालं.

आईनं तो भाग हॉस्पिटलमधल्या मैत्रिणींना घरी बोलावून पाहिला. त्या रात्री काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी चहा गाळताना, माझ्याकडे न बघता म्हणाली, “मी अशी बोलते का गं?”

मी म्हटलं, “नाही गं, ते विनोदी आहे.”

त्यानंतर चौदा वर्षं ती होती. हा विषय दोघींनीही पुन्हा काढला नाही. तू तुझ्या आईला शेजारीण केलंस, मी माझ्या आईला नक्कल केलं. म्हणजे आपण दोघी एकाच बाकावरच्या, आणि तुझ्यापेक्षा वरच्या जागेवर बसून मी हे लिहीत नाहीये.

या बाकावर आपल्याआधी बसून गेलेली एक बाई तुला माहीत असायला हवी, कारण ती आपल्या मुंबईची. हॉलिवूडची नटी मर्ल ओबेरॉन. जन्म मुंबईत, १९११ साली, अँग्लो-इंडियन कुटुंबात, लहानपणाचा बराच काळ कलकत्त्यात. विशीच्या आत ती युरोपात गेली, १९३३ मध्ये अ‍ॅलेक्झांडर कोर्डा या निर्माता-दिग्दर्शकानं तिला राणी अ‍ॅन बोलीनचं छोटं काम दिलं, आणि १९३५ च्या चित्रपटासाठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन मिळालं. पण जगाला सांगितलं गेलं होतं की ती टास्मानियात, गोऱ्या आईबापांच्या पोटी जन्मली. त्यामुळे त्या विभागात नामांकन मिळालेली आशियाई वंशाची पहिली स्त्री ती, हे तेव्हा कुणाला कळलंच नाही. त्या विभागात आशियाई वंशाच्या बाईनं ऑस्कर जिंकायला २०२३ उजाडलं, मिशेल योच्या रूपानं.

आता गंमत बघ. तिला वाढवणाऱ्या, सावळ्या रंगाच्या शार्लटला ती आई म्हणत असे. प्रत्यक्षात ती तिची आजी होती. शार्लट लंडनमध्ये तिच्या घरी राहायची, आणि पाहुणे आले की तिची ओळख घरची मोलकरीण म्हणून करून दिली जायची, असं मर्लच्या आयुष्यावर लिहिणाऱ्यांनी नोंदवलंय. शार्लट १९३७ मध्ये वारली. पुढे मर्लनं तिचं तैलचित्र काढून घेतलं आणि चित्रकाराला तिचा रंग उजळ करायला लावला. या तैलचित्राचा विचार मी फार वर्षं करतेय. ती बाई निर्दय असती तर तिनं चित्र काढूनच घेतलं नसतं. भिंतीवर आई हवी होती. पण दाखवता येईल अशी हवी होती.

तिला शिव्या देणंही सोपं आहे, ते मी करणार नाही. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात ठरवलं होतं की भारतीय माणूस ‘गोरा’ नाही, सबब त्याला नागरिकत्व नाही. हॉलिवूडच्या १९३० च्या नियमावलीत गोऱ्या आणि काळ्या माणसांचे संबंध पडद्यावर दाखवायला मनाई होती, आणि तिची झळ आशियाई नटनट्यांनाही बसे. अ‍ॅना मे वाँग अमेरिकेत जन्मलेली, नावाजलेली चिनी वंशाची नटी. १९३७ च्या चित्रपटात चिनी शेतकऱ्याच्या बायकोचं काम तिला मिळालं नाही. नायक गोरा नट होता. काम गेलं लुइझ रायनरकडे, आणि त्यासाठी तिला ऑस्कर मिळालं. मर्लनं खरं सांगितलं असतं तर तिची कारकीर्द बहुधा सुरूच झाली नसती. तिच्यावर खरोखरची सक्ती होती. तुझ्यावर त्या दिवशी, डब्याच्या वेळी, कसली होती?

बघ, मी परत तिथेच आले. पुढे जाते.

आडनावाचं. आपल्या धंद्यात नाव बदलणं ही मुळात क्षुल्लक गोष्ट आहे. ब्रिटनच्या इक्विटीत, म्हणजे नटांच्या संघटनेत, एका नावाचा एकच सभासद असतो, म्हणून तर डेव्हिड मॅकडॉनल्डचा डेव्हिड टेनंट झाला. त्याला कुणी विचारलं नाही की बाबा रे, तू तुझ्या मुळांशी गद्दारी केलीस का. आपल्याला विचारतात, कारण आपलं नाव हे दुकानाच्या पाटीसारखं वाचलं जातं, आत काय माल मिळेल ते सांगणारी पाटी.

बेन किंग्जलीचं उदाहरण सगळे देतात, मीही देते. जन्मनाव कृष्णा भानजी, वडील गुजराती वंशाचे डॉक्टर, आई इंग्रज. भानजी नावानं दारं उघडेनात, नाव बदललं आणि उघडली, असं त्यांनी स्वतः सांगितलंय. वडिलांचा या बदलाला पाठिंबा होता. आणि ‘किंग्जली’ हेही घरातूनच आलेलं, लवंगांचे व्यापारी असलेल्या आजोबांच्या टोपणनावावरून. मग नियतीनं काय केलं, तर कृष्णा हे नाव टाकलेल्या माणसाला १९८२ मध्ये मोहनदास केलं, आणि ऑस्कर दिलं. दुसरी अमेरिकन नटी क्लोई बेनेट. मूळ आडनाव वाँग, वडील चिनी, आई गोरी. वाँग आडनावावर काम मिळेना म्हणून तिनं वडिलांचं पहिलं नाव, बेनेट, आडनाव म्हणून लावलं. लोकांनी टोचलं तेव्हा २०१७ मध्ये तिनं उघड सांगितलं की हॉलिवूड वंशवादी आहे, आडनाव बदललं म्हणून माझं रक्त बदललं नाही.

या दोघांनी नावं बदलली, मर्लनंही बदललं. पण त्या दोघांचे बाप बैठकीच्या खोलीत बसलेले होते. मर्लची आजी स्वयंपाकघरात.

तुझं प्रकरण त्यांच्या उलट आहे, आणि खरं सांगते, मला ते वाचून आधी हसू आलं. चाळीस वर्षांपूर्वी माझा एजंट म्हणायचा, आईकडचं काही सांगत बसू नकोस. तुझी म्हणते, आईकडचंच सांग. बाजार बदलला, पोरी! पाटी तीच, फक्त उलटी लावायची. यात चूक काहीच नाही. आईचं आडनाव तुझंही आहे. पण गेल्या वर्षी ती शेजारीण होती, आणि यंदा तिचं आडनाव कामाचं आहे म्हणून ते दारावर लागणार. हे तिला आधी एजंटच्या ईमेलमधून किंवा श्रेयनामावलीतून कळता कामा नये. आडनाव तिच्या बापाचं आहे, तिनं ते लग्नानंतर ठेवलं की सोडलं हेही तू लिहिलं नाहीस. तिला विचार. विचारण्याआधी डब्याचं सांग. या क्रमानं. उलट क्रमानं सांगितलंस तर ती लाच वाटेल.

ती ‘नको’ म्हणाली तर बाबांचं आडनाव ठेव आणि एजंटला सांग की माहितीत आई मराठी, बाबा इंग्रज असं स्वच्छ लिही. कास्टिंग डिरेक्टर माहिती वाचतात. वाचत नसतील तर त्यांच्याकडून फार चांगलं काम येणार नव्हतंच.

आता सून. तुझ्या मैत्रिणीला झटकून टाकू नकोस. तिचा शब्द चुकला, ‘खरी’ हा भयंकर शब्द आहे, पण तिच्या बोलण्यात तथ्य आहे. हॉलिवूडची नटी झेंडेया, वडील काळे, आई गोरी, २०१८ मध्ये एका जाहीर कार्यक्रमात म्हणाली होती की मी म्हणजे हॉलिवूडला चालणारी काळी मुलगी आहे. इतक्या यशस्वी नटीनं हे स्वतःच्या तोंडानं म्हणावं, याला छाती लागते. आपल्यासारख्यांना दोन्हीकडून मार बसतो हे जितकं खरं, तितकंच हेही खरं की उजळ कातडीमुळे काही दारं आपल्याला जरा आधी उघडतात. हिंदी-मराठी पडद्यावर रंगाचं काय चालतं ते मी तुला सांगायला नको. आणि आपल्याकडे मिश्र रक्ताच्या बायकांचं काय केलं? हेलन, रंगूनमध्ये जन्मलेली, बर्मी आई आणि अँग्लो-इंडियन वडील. युद्धात पायपीट करत आसामात पोचलेली पोर. इतकी ताकदीची नर्तकी, आणि आपण तिला वर्षानुवर्षं क्लबातच नाचवली. घरात नांदणारी, देवघरात दिवा लावणारी बाई म्हणून तिच्याकडे बघायला आपल्याला किती वेळ लागला! मंडळातल्या काकूंना हे आठवत नसेल.

काकूंचा विषय निघालाच आहे तर तो इथेच मिटवते. २०१७ मध्ये लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हा त्यांच्या आयरिश आईचं कुणी काही काढलं नाही, मराठी येतं का हे विचारलं नाही. मालवणजवळच्या वराडचे ते झालेच. तुझी मालिका चालली की काकूही तुला मिरजेची करतील. तोवर मोदक खा आणि घरी ये.

तर रोल. मेकअपवालीनं जे सांगितलं त्याला ‘नाही’ म्हण, एजंटमार्फत, लेखी, करार सही होण्याआधी. कारण साधं आहे. त्यांना गडद रंगाची सून हवी असेल तर तशी मुलगी लंडनमध्येच आहे, पंजाबी वस्तीच्या साउथॉलला आहे, ऑडिशनला तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेली असेल. तिचा रंग तिच्याकडून न घेता डबीतून घ्यायचा आणि तुला फासायचा, यात तुझ्या मैत्रिणीचा मुद्दा सिद्ध होतो. हे जुनं आहे. १९८४ मध्ये डेव्हिड लीनच्या चित्रपटात प्रोफेसर गोडबोले कुणी केला माहीत आहे? सर अ‍ॅलेक गिनेस. गोडबोले! सदाशिव पेठेत दर दुसऱ्या जिन्यावर सापडेल असा माणूस, तो चेहऱ्याला रंग लावून एका इंग्रजानं केला. नट म्हणून गिनेस थोर होता, म्हणून तर जास्त वाईट वाटतं. बरं, त्याच्या आदल्याच वर्षी ‘गांधी’त कस्तुरबा झालेल्या आपल्या रोहिणी हट्टंगडींनी ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळवला होता. म्हणजे भारतात नट मिळत नाहीत अशी सबबही उरली नव्हती.

रंग न लावता ते तुला घ्यायला तयार असतील, तर पुढचा प्रश्न तुझ्या रक्ताचा नसून तुझ्या तयारीचा. मिरज आणि पंजाब यांत हजार मैलांचं अंतर आहे. तुझ्या एजंटच्या ‘साउथ एशियन’ या पोतडीत ते दिसत नाही. अख्खी मराठी असतीस तरी पंजाबी खेड्यातली सून तुला शिकावीच लागली असती. पंजाबी बोली शिकवणारा कोच देणार आहेत का, विचार. पटकथा पूर्ण माग, फक्त तुझी पानं नको. सून रडण्याशिवाय आणि चहाचा ट्रे आणण्याशिवाय काय करते? एकही निर्णय ती स्वतः घेते का? लेखनात कुणी पंजाबी आहे का? ही उत्तरं समाधानकारक असतील तर रोल घे, आणि ‘माझा हक्क आहे का’ म्हणत रात्र रात्र जागू नकोस. कोच नाही, पटकथा देत नाहीत, ट्रे मात्र आहे, असं असेल तर सोड. मी सोडला नव्हता, त्याचं काय झालं ते वर सांगितलंच.

सोडून देणाऱ्यांचं नुकसानच होतं असंही नाही. २०१७ मध्ये एड स्क्राइन या इंग्रज नटाला एका चित्रपटात काम मिळालं, मग कळलं की मूळ चित्रकथेत ते पात्र मिश्र आशियाई वंशाचं आहे. त्यानं जाहीर पत्र लिहून काम सोडलं, ते डॅनियल डे किमला मिळालं. त्याआधी दोन वर्षं एमा स्टोननं एक हवाईयन-चिनी वंशाची, आडनाव ‘इंग’ (Ng) असलेली बाई केली होती, आणि ओरड झाल्यावर दिग्दर्शकाला माफी मागावी लागली. ही दोन्ही पात्रं कुणाची होती बघ. तुझ्यामाझ्यासारख्यांची. आपल्यासाठी लिहिलेल्या मोजक्या भूमिकांवरही दुसरेच बसतात, आणि आपण मात्र पंजाबच्या सुनेवर आपला किती टक्के हक्क, याचा हिशोब करत बसतो. एजंटला सांग, मिश्र घरातल्या मुलीचे रोल शोध. इंग्लंड-वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत स्वतःला मिश्र वंशाचे म्हणवणारे १७ लाख लोक आहेत. त्यांची लग्नं होतात, नोकऱ्या जातात, खून होतात. मालिकांना लागतं ते सगळं त्यांच्या घरीही असतं.

‘मी नक्की कोण’ याचं उत्तर मी देणार नाही. साठीत आले तरी माझंच मला पूर्ण सापडलेलं नाही, आणि हल्ली त्यावाचून अडतही नाही. मेगन मार्कल, राजघराण्यात जाण्याआधी, नटी असताना २०१५ मध्ये लिहिलेल्या लेखात सांगते: शाळेत वंशाचा चौकोन भरायचा होता, बाई म्हणाल्या गोरी लिही, तशीच दिसतेस. आईचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि तिनं चौकोन रिकामा सोडला. वडील म्हणाले, पुढच्या वेळी स्वतःचा चौकोन काढ. वडिलांचं वाक्य सगळे उद्धृत करतात. मला त्या शाळकरी पोरीचा रिकामा सोडलेला चौकोन जास्त आवडतो. काही लिहिलं नाही, पण आईला खोडलंही नाही.

तेव्हा या रविवारी जा. फोनवर नको, समोर बसून. आधी डबा, मग आडनाव. ती म्हणेल, “मी तर विसरले पण होते.” त्यावर विश्वास ठेवू नकोस, आणि वादही घालू नकोस. आपण त्या मागच्या शूटवरच्या लोकांचं काय करायचं, असं मनात आलंच, तर पुढच्या शूटवर तिला पुन्हा बोलाव आणि पहिल्या माणसाला नाव घेऊन ओळख करून दे.

आणि ती हो म्हणाली, तर इक्विटीचा अर्ज भरायच्या आधी स्पेलिंग तिच्याकडून लिहून घे. ब्रिटिश नटी थँडिवे न्यूटनच्या नावातला ‘डब्ल्यू’ तिच्या पहिल्याच चित्रपटाच्या श्रेयनामावलीत गळला होता, तो परत मिळवून लावायला तिला २०२१ उजाडलं. आईच्या पासपोर्टवर असेल तेच घे. मिरजेतल्या आडनावांमध्ये ‘ए’ एक आहे की दोन, यावरून भाऊबंदकी होते.

– तुझी मावशी